लिंक्ड सर्व्हरचे ‘टेस्ट कनेक्शन’ यशस्वी झाले, आता आणखी काय तपासायचे?

दोन वेगळ्या मशीनवरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आपण लिंक्ड सर्व्हर (एका सर्व्हरवरून दुसऱ्यातला डेटा वापरण्याची जोडणी) तयार केला आहे, टेस्ट कनेक्शन यशस्वी आले आहे आणि एवढ्यावर लिंक वापरात द्यावी का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. ती चाचणी ज्या लॉगिनने आणि ज्या मशीनवर बसून केली, तेवढ्यापुरतीच खरी असते. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण याच मुद्द्यावरून एकदा भर बैठकीत मला चुकीचे ठरवले गेले होते.

त्या वेळी मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात डेटाबेस सांभाळत होते. दुसरा सर्व्हर महापे येथील गोदामात होता. बिलिंगचे कर्मचारी आपापल्या विंडोज लॉगिनने ठाण्याच्या सर्व्हरला जोडले जात आणि त्याच्यामार्फत गोदामातल्या माल रवानगीच्या नोंदी वाचत. लिंक सुरू केली त्याच सकाळी बिलिंगच्या ताई म्हणाल्या, “मॅडम, परत लाल अक्षरं आली.” पडद्यावर १८४५६ क्रमांकाची त्रुटी होती आणि नाकारलेल्या लॉगिनचे नाव होते ‘एनटी ऑथॉरिटी\अ‍ॅनॉनिमस लॉगऑन’. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी रिमोट डेस्कटॉपने थेट ठाण्याच्या सर्व्हरवर जाऊन टेस्ट कनेक्शन दाबले, ते यशस्वी झाले आणि लिंक व्यवस्थित आहे, दोष माझ्या प्रोसीजरमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या क्वेरींमध्ये) आहे, असे त्यांनी सर्वांसमोर जाहीर केले.

मी ट्रान्स हार्बरने कोपरखैरण्याला उतरून रिक्षाने महापे गाठले आणि तिथल्या सर्व्हरचा एरर लॉग उघडला. ताईंनी बटण दाबल्याच्या प्रत्येक वेळेसमोर तेच निनावी लॉगिन आणि ठाण्याच्या सर्व्हरचा आयपी पत्ता होता. प्रमुखांच्या चाचणीच्या वेळी मात्र एकही नकार नव्हता. कारण उघड होते. सर्व्हरवरच बसून चाचणी केली की एकच टप्पा असतो; ताईंच्या मशीनवरून ठाणे आणि तिथून महापे हे दोन टप्पे होतात, आणि एनटीएलएमने (विंडोजच्या जुन्या ओळख-पडताळणी पद्धतीने) आलेल्या माणसाची ओळख पहिला सर्व्हर पुढे देऊ शकत नाही. त्यासाठी कर्बेरॉस ही दुसरी पडताळणी पद्धत लागते, आणि आमच्या सर्व्हिस अकाउंटचे (ज्या खात्याने सर्व्हर चालतो त्याचे) एसपीएन, म्हणजे कर्बेरॉसला सेवा ओळखता यावी म्हणून लागणारे नाव, नोंदवलेलेच नव्हते; डेलिगेशन, म्हणजे ओळख पुढे देण्याची परवानगी, तर दूरच.

प्रमुखांनी त्यावर काढलेला उपाय मला आजही मान्य नाही: लिंकच्या सिक्युरिटी पानावर सर्वांसाठी ‘एसए’ या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड टाकला. त्रुटी गेली, पण बिल टंकणारा प्रत्येक जण गोदामाच्या सर्व्हरचा मालक झाला. मी लेखी हरकत घेतली, ती फाईलमध्ये पडून राहिली. पलीकडे हव्या त्याच टेबलांवर वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे लॉगिन करून ते लिंकला जोडणे (मॅप करणे) हे पाच मिनिटांचे काम होते.

तेव्हा आपण चाचणी प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याच्याच लॉगिनने करावी. ओपनक्वेरीतून (क्वेरी पलीकडच्या सर्व्हरवरच चालवणाऱ्या आज्ञेतून) ‘मी सध्या कोणत्या लॉगिनने आहे’ एवढेच पलीकडे विचारावे. उत्तरात अपेक्षित नाव आले, तरच पुढे जावे. मोठ्या टेबलावर चार भागांच्या नावाने (सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल) क्वेरी लिहिल्यास कधी कधी अख्खे टेबल आपल्या सर्व्हरवर ओढले जाऊन ओळी निवडण्याची अट इथे लागते, म्हणून चाचणी दहा ओळींवर न करता खऱ्या आकाराच्या टेबलावर करावी. ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्हीकडे लिहायचे असेल, तर एमएसडीटीसी (दोन सर्व्हरवरचे ट्रान्झॅक्शन एकत्र सांभाळणारी विंडोजची सेवा) दोन्ही मशीनवर चालू हवे, फायरवॉलमध्ये पोर्ट १३५ आणि त्यानंतरचे डायनॅमिक पोर्ट मोकळे हवेत आणि दोन्ही मशीनना एकमेकांची नावे ओळखता आली पाहिजेत. नुसते वाचून पाहिल्याने यातले काहीच कळत नाही.

रात्रीच्या जॉबचा मालक सिसअ‍ॅडमिन (सर्व अधिकार असलेला) असेल, तर तो जॉब एजंटच्या (जॉब चालवणाऱ्या सेवेच्या) सर्व्हिस अकाउंटने चालतो, म्हणून त्याची चाचणी वेगळी करावी लागेल. एसक्यूएल सर्व्हरऐवजी ओरॅकल किंवा पोस्टग्रेस हे डेटाबेस असल्यास तपशील बदलतात: तिथे लिंक तयार करण्याची आज्ञा पलीकडे जोडून पाहतच नाही, चूक पहिल्या क्वेरीला कळते. आणि आपले दोन सर्व्हर एकमेकांवर विश्वास नसलेल्या डोमेनमध्ये असतील, तर कर्बेरॉसबद्दल मी वर लिहिलेले आपल्या उपयोगाचे नाही. तिथे मॅप केलेले एसक्यूएल लॉगिनच वापरावे लागेल, पण तेही ‘एसए’ नसावे.