आधी मोज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साताऱ्याच्या तुझ्या ऑफिसात चार सर्व्हर, चारही जेमतेम आठ-दहा टक्के चाललेले, आणि मार्चअखेर अनुदान खर्ची टाकायचं म्हणून पाचव्याच्या खरेदीची टिपणी तुझ्याकडून लिहून घेतायत. ‘रिकामे आहेत म्हणालो तर आहेत तेही काढून नेतील’ ही तुझ्या साहेबांची भीती खोटी नाही. तरी सांगतो, आधी मोज.

आठ-दहा टक्के कधीचे? दुपारी तीनला स्क्रीनवर डोकावलीस तेव्हाचे ना? त्याला मोजणं म्हणत नाहीत. दर पाच मिनिटांनी नोंद होऊ दे; प्रोसेसर, मेमरी, डिस्क, तिन्हींची वेगळी. पगारबिलांचा आठवडा, मार्चअखेर, सगळं त्यात येऊ दे. सरासरी काढून मोकळी होऊ नकोस. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची सरासरी कोण विचारतं? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आम्ही सांगलीकर पाणी कुठवर चढलं तेवढंच बघतो.

हे कळत असून मी चुकलो. २०१९ च्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांची सरासरी पाहून आमचा एक सर्व्हर ‘शिल्लक’ म्हणून दुसऱ्या कार्यालयाला दिला. ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर ओसरला, पंचनाम्यांच्या नोंदी सगळीकडून एकदम सुरू झाल्या आणि उरलेलं मशीन अडकलं. खिडकीशी एक म्हातारी भिजलेलं रेशनकार्ड पिशवीत धरून संध्याकाळपर्यंत उभी होती. लोक म्हणाले, द्यायलाच नको होतं. मला ते आजही पटत नाही. त्या कार्यालयाकडे धड एक मशीन नव्हतं. देणं बरोबरच होतं. न मोजता दिलं, ती चूक माझी.

पाचव्याची टिपणी लिहू नकोस. अनुदानाच्या त्याच खर्चशीर्षाखाली बसत असेल तर यूपीएसच्या बॅटऱ्या मागा, नाहीतर पैसे परत जाऊ देत. आकडे हाती आले आणि परवानगी देत असतील, तर चौघांचं काम व्हर्च्युअल मशीन करून, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक सर्व्हर वेगवेगळे चालवून, दोघांवर आण, तिसरा राखीव ठेव. चौथा बसून वीज खातो, एसी खातो, तो दे. पण डिस्क पुसल्याशिवाय खोलीबाहेर नाही, डेडस्टॉकला, म्हणजे ऑफिसच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद हवी, आणि ‘गरज पडल्यास परत’ हे आदेशातच लिहून घे. मी तोंडी ठेवलं होतं.

बॅकअप आहे म्हणतेस. तो परत उतरवून पाहिलास? नसेल तर आधी ते कर.

पगारबिलांचा आठवडा संपला की नोंदी पाठव. दिवसाच्या नकोत, पाच-पाच मिनिटांच्या.