कोविडसारखी साथ परत आली तर वृद्धाश्रमात संसर्ग कसा रोखतात? आईला ठेवण्याआधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईला अर्धांगवायू झालाय, घरी दिवसभर बघणारं कोणी नाही, म्हणून नर्सिंगची सोय असलेल्या वृद्धाश्रमात ठेवायचं चाललंय. पण 2020 सारखं काही परत झालं तर तिथे तिचं काय, ही धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की दहा खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी वृद्धाश्रमच म्हणते.)

मी जीएनएम नर्स आहे. कोविडच्या काळात पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात सिस्टर इन्चार्ज होते. 38 आजी-आजोबा, त्यातले 11 पूर्ण अंथरुणावर. कोविड आमच्याकडे आला आणि माणसं घेऊन गेला. तेव्हा हे उत्तर पुस्तकातलं नाही.

सुरुवात आमच्या मूर्खपणापासून करते. एप्रिल 2020 मध्ये संस्थेने फाटकाशी फवारणीचा बोगदा बसवला. येणाऱ्याने त्यातून जायचं, अंगावर हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा फवारा. फोटो छान आले. आठवड्याभरात दोन मावशींचे डोळे लाल आणि वॉचमनला खोकला. मग 18 एप्रिलला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेच सांगितलं की माणसांवर जंतुनाशक फवारू नका, फायदा नाही, अपाय मात्र आहे. बोगदा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला.

नातेवाइकांच्या भेटी मार्चपासूनच बंद होत्या, त्यामुळे आम्ही निर्धास्त. बाहेरचं कोणी येतच नाही ना! पण रोज चौदा माणसं ये-जा करत होती: मावशी, ब्रदर, स्वयंपाकीण, सफाईवाले आणि मी स्वतः. अंथरुणावरची आजी कुठे जात नाही. तिच्यापर्यंत रोग पोचतो तो तिला भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या हातांबरोबर आणि श्वासाबरोबर. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला सप्टेंबर उजाडला.

आमचे निम्मे अटेंडंट माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून यायचे. बारा तासांची ड्यूटी, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. रात्रपाळीचा एक मुलगा दिवसा दुसऱ्या वृद्धाश्रमात काम करायचा, हे आम्हाला नंतर कळलं. त्याचा घसा धरला होता, अंग कसकसत होतं. पॅरासिटामॉल घेऊन तो आला, फाटकावरच्या थर्मामीटर गनने 97 दाखवलं, वॉचमनने वहीत लिहिलं आणि आत सोडलं. दहा दिवसांत आमचे नऊ जण पॉझिटिव्ह. तिघे परत आले नाहीत. त्या मुलाला मी तेव्हाही बोलले नाही. खोलीभाडं, गावाकडे पैसे पाठवायचे. त्याच्या जागी मी असते तर मीही गोळी घेऊन आले असते.

नंतर अमेरिकेतल्या कर्कलँडबद्दल वाचलं. वॉशिंग्टन राज्यातल्या या गावातल्या नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी 2020 च्या शेवटी पहिला रुग्ण सापडला. 18 मार्चपर्यंत तिथे राहणारे 101, काम करणारे 50 आणि भेटायला आलेले 16 जण बाधित झाले होते. राहणाऱ्यांपैकी 34 गेले. तपास करणाऱ्यांनी दिलेली कारणं अशी: कर्मचारी आजारी असताना कामावर आले, काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते, पीपीई (मास्क, मोजे, गाउन असे संरक्षक कपडे) नीट वापरता येत नव्हतं, सॅनिटायझरसारख्या वस्तू कमी पडल्या. देश श्रीमंत, इमारत चकाचक, आणि दुखणं अगदी आमचंच.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये 76 जणांची तपासणी केली तेव्हा 48 पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या 27 जणांना त्या दिवशी कसलंही लक्षण नव्हतं. बहुतेकांना ते पुढच्या काही दिवसांत आलं. आता सांगा, फाटकावरची गन काय अडवणार? साथ गावात पोचली की सगळ्यांची नेमाने चाचणी करायची आणि लक्षणं नसली तरी आत मास्क घालायचा, याला पर्याय नाही.

आम्ही नंतर जे बदललं त्यात सगळ्यात मोठा खर्च काम करणाऱ्या माणसांवर झाला. ब्यूरो बंद केला. चौदा दिवस आत राहून काम, मग घरी सुट्टी, येताना चाचणी. आजारी पडलं तर पूर्ण पगार. प्रत्येक विंगची माणसं ठरलेली. या विंगच्या मावशीने त्या विंगमध्ये चहा प्यायलासुद्धा जायचं नाही. विश्वस्तांनी पगाराच्या मुद्द्यावर बरीच कुरकुर केली. बोगद्याला मात्र एका बैठकीत मंजुरी मिळाली होती.

आता हातमोज्यांबद्दल, कारण तुम्ही बघायला जाल तेव्हा सगळ्यांनी मोजे घातलेले दिसतील आणि तुम्हाला बरं वाटेल. मोजे म्हणजे आपल्या हातांचं चिलखत असं मावशींना वाटतं. आजीला त्यांच्यापासून काय लागतं हे डोक्यात येत नाही. सकाळचा डायपरचा राउंड एकाच जोडीत सहा जणांचा व्हायचा. सांगून उपयोग होईना. मग एकदा मी मोज्यांना ओली हळद लावली आणि म्हटलं, करा राउंड, उशीला डायपर बांधा, पाणी पाजल्यासारखं करा, चादर बदला. दहा मिनिटांत पलंगाच्या कठड्यावर, पाण्याच्या तांब्यावर, टीव्हीच्या रिमोटवर, वॉकरच्या मुठीवर आणि त्यांच्या स्वतःच्या मास्कवर पिवळे डाग. एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे रोज असंच होत असणार की." त्यानंतर एका माणसामागे एक जोडी, मध्ये हात धुणं, हे मला कधी ओरडून सांगावं लागलं नाही.

हात मळलेले असतील तर सॅनिटायझर नव्हे, साबण-पाणी. जुलाबाची साथ असेल तर साबणच, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. म्हणून बेसिन कुठे आहे ते बघा. बेसिन व्हरांड्याच्या टोकाला असेल तर बारा तासांच्या पाळीत कोणी दर वेळी तिथवर जाणार नाही, मग भिंतीवर कितीही तक्ते लावा.

फरशी-कठडे पुसायला एक टक्का हायपोक्लोराइट. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग त्याचा, चार भाग पाणी. रोज ताजं करायचं. संडासाच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. पुसण्यापेक्षा खिडक्या जास्त महत्त्वाच्या निघाल्या, कारण कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. पण आजोबांना वारं लागतं, ते खिडकी बंद करतात, आपण उघडायची, ते परत बंद करतात. शेवटी आम्ही समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट बसवला आणि ज्यांना सोसत नव्हतं त्यांचे पलंग खिडकीपासून हलवले. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या तोंडावर मास्क टिकत नाही. त्यांच्याशी झटापट करू नये, आपला मास्क नीट लावावा.

म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. त्यांचं अंग मुळातच थोडं थंड असतं, त्यामुळे वारंवार 99 च्या वर गेलं तरी लक्ष द्यायचं. 101 ची वाट बघत बसलात तर उशीर होतो. आमच्याकडे एका नानांनी दोन दिवस सकाळचा चहा परत पाठवला. ताप नाही, खोकला नाही, थोडं असंबद्ध बोलत होते. ऑक्सिमीटर लावला तर 86. तेव्हापासून आमच्या चार्टमध्ये तापमान आणि ऑक्सिजनच्या शेजारी तिसरा रकाना आला: चहा घेतला का. अचानक पडणं, गोंधळणं, जेवण सोडणं हीसुद्धा लक्षणंच.

हॉस्पिटलमधून परत आलेल्या माणसाला सरळ हॉलमध्ये नेतात की वेगळ्या खोलीत, हेही विचारा. इंग्लंडमध्ये मार्च 2020 मध्ये हॉस्पिटलं रिकामी करण्याच्या घाईत म्हाताऱ्या रुग्णांना चाचणी न करता केअर होममध्ये पाठवलं गेलं. एप्रिल 2022 मध्ये तिथल्या हायकोर्टाने ते धोरण बेकायदा ठरवलं. लक्षण नसलेल्या नव्या माणसाला काही दिवस वेगळं ठेवायला सांगितलं नव्हतं, हा त्यातला मुख्य मुद्दा.

लस 1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांसाठी सुरू झाली. पण आमच्या काही आज्यांकडे आधारच नव्हतं. मुलांनी सोडून गेलेल्यांकडे कागद कुठून असणार? मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांसाठी नियम आला, त्यात वृद्धाश्रमांचा उल्लेख होता, तेव्हा ते अडलेलं काम मार्गी लागलं. लस घेतली म्हणून बाकीचं सोडायचं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून जास्त जण बाधित निघाले, आणि बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते. लस जीव वाचवते; रोगाला दारात अडवायचं काम तिच्या एकटीवर टाकता येत नाही.

भेटींबद्दल माझं मत काही सहकाऱ्यांना पटत नाही. सगळ्या भेटी सरसकट बंद करणं चूक होतं. अमेरिकेने 13 मार्च 2020 ला नर्सिंग होममधल्या भेटी थांबवल्या आणि पूर्ण मोकळीक द्यायला नोव्हेंबर 2021 उजाडला. आमच्याकडच्या एका आजींना कोविड झालाच नाही. मुलगी दिसेना म्हणून त्यांनी जेवण कमी केलं, व्हिडिओ कॉलवर त्या फोनच्या मागे बघायच्या, की ही आहे कुठे. पुढे आम्ही अंगणात, मास्क लावून, एका नातेवाइकाला वीस मिनिटं द्यायला लागलो. त्यातून एकही रुग्ण वाढला नाही. तुमची आई जिथे राहणार तिथे साथीत एका ठरलेल्या माणसाला आत येऊ देतात का, हे आधीच लिहून घ्या.

बघायला जाल ते रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच फिनाइलचा वास येतो. संध्याकाळी आठच्या सुमाराला, पाळी बदलताना जा. रात्रीच्या मावशी बाहेरचे कपडे बदलतात का, आल्या आल्या हात धुतात का, ते गपचूप बघा. आणि त्यांच्यापैकीच एखादीला विचारा, "मावशी, आजारी पडलात तर पैसे कापतात का?" मॅनेजर जवळ उभा नसताना विचारा.