ओढ्याचे पाणी रात्री तांबडे, सकाळी नितळ: नमुना, संमतीपत्र आणि तक्रार याविषयी कृषी सल्ला

गाळप हंगाम सुरू झाल्यापासून ओढ्याकाठच्या गावांतील शेतकरी बंधू-भगिनींकडून तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. पहिला प्रश्न असा, की रात्री ओढ्याला तांबूस-काळे, मळीच्या वासाचे पाणी येते, सकाळपर्यंत ते निवळते आणि नंतर पाहणीला आलेल्यांना काहीच आढळत नाही; अशा वेळी काय करावे? दुसरा, ओढ्यालगतच्या विहिरीचे पाणी ऊस, कांदा आणि द्राक्षाला द्यावे काय? तिसरा, कारखाना प्रक्रिया केलेले सांडपाणी शेताला मोफत देऊ करत आहे, तर त्यासाठीच्या कागदावर सही करावी काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे, कारण बहुतेक तक्रारी याच टप्प्यावर कोलमडतात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे आसवनीचे (अल्कोहोल कारखान्याचे) सांडपाणी, निघतो. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो त्याला जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच बी.ओ.डी., म्हणतात. कच्च्या स्पेंट वॉशची ही मागणी लिटरला ४० हजार मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते, तर स्वच्छ वाहत्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. त्यामुळे थोडासा स्पेंट वॉश मिसळला तरी केटी बंधाऱ्यात अडलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. असे मासे दिसले की ती वेळ लगेच वहीत लिहून ठेवावी. मात्र केवळ रंगावरून कोणावर ठपका ठेवू नये. पालापाचोळा कुजल्याने आणि गावाच्या सांडपाण्यानेही पाणी काळवंडते.

पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन, दोन भागांत विभागून, मोहोरबंद करून आणि सह्या घेऊन घ्यावा लागतो. ही पद्धत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. तुम्ही बाटलीत भरून आणलेले पाणी या कायदेशीर नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग अधिकृत नमुना घ्यायला लावण्यासाठी आणि तुमच्या पिकाचा निर्णय घेण्यासाठी आहे. म्हणून माझा आग्रह असा, की पाणी वाहत असतानाच, रात्र असली तरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाला दूरध्वनीने आणि ई-मेलने कळवावे. सोबत तारीख-वेळ दिसणारी छायाचित्रे पाठवावीत. त्यांत पाण्याबरोबरच पूल किंवा बंधाऱ्याचा खांब यांसारखी ओळखीची खूण यावी. कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत, त्याच पाण्याने तीनदा विसळून, हवा न राहता भरावे, बर्फात ठेवावे आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावे. वरच्या बाजूचा नमुना नसेल, तर खालच्या नमुन्यावरून घाण कोठे मिसळली हे ठरवता येत नाही.

मंडळाने कारखान्याला दिलेले संमतीपत्र आधी वाचून ठेवल्यास तक्रार नेमकी होते. याच अधिनियमाच्या कलम २५ खालील संमतीत रोज किती घनमीटर सांडपाणी, कोणत्या मर्यादेपर्यंत शुद्ध करून, कोठे सोडायचे हे लिहिलेले असते. संमतींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहण्यासाठी खुली ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे, आणि मंडळाच्या संकेतस्थळावरही संमतीपत्रे पाहता येतात. साखर कारखान्यांसाठी २०१६ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार सांडपाणी बाहेर पडण्याचे ठिकाण एकच असावे, सिंचनाला मागणी नसेल तेव्हासाठी १५ दिवसांची साठवण असावी आणि नदी-ओढ्यात सोडलेल्या पाण्याची बी.ओ.डी. लिटरला ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावी. तेव्हा ‘पाणी घाण आहे’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘संमतीत नसलेल्या दुसऱ्या नळीतून अमुक वेळी पाणी ओढ्यात येत होते’ असे लिहावे. मंडळाने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे, कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. त्यासाठी पिकाचा पंचनामा वेळीच करून घ्यावा.

आता विहिरीविषयी. मोटार १५ मिनिटे चालू ठेवून मगच एक लिटर पाणी भरावे आणि मृद व पाणी चाचणी प्रयोगशाळेतून सामू (पाण्याची आम्लता), विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप), तसेच सोडियम अधिशोषण गुणोत्तर व उर्वरित सोडियम कार्बोनेट (पाण्यातील सोडियममुळे जमीन बिघडण्याचा धोका दाखवणारी मापे) तपासून घ्यावे. सिंचनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेली वाहकतेची कमाल मर्यादा सेंटीमीटरला २२५० मायक्रोम्हो आहे, परंतु आपल्या भारी काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत त्या मर्यादेपर्यंत थांबणे मला धोक्याचे वाटते. जमिनीतील क्षार वाढू लागले की कांद्याचे उत्पादन उसाच्या आधी घटू लागते. द्राक्ष या दोहोंच्या मधे येते. म्हणून खराब पाणी कांद्याला अजिबात देऊ नये. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसत असेल किंवा वाफ्यावर वाळल्यानंतर पापुद्रा धरत असेल, तर चाचणी लांबवू नये. उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक निघाल्यास ते पाणी सिंचनाला अयोग्य समजावे आणि अहवाल दाखवून जिप्समची मात्रा आमच्याकडून ठरवून घ्यावी. मात्र चर काढून निचरा केल्याशिवाय जिप्समचा उपयोग होत नाही. हेच पाणी घरात पीत असाल, तर ते तत्काळ बंद करून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये. आपला गट क्रमांक, रोजचे पाणी, किती दिवस आणि अलीकडचा तपासणी अहवाल कागदावर असावा. जमिनीवर देण्याच्या पाण्याची बी.ओ.डी. १०० मिलिग्रॅमच्या आत आहे हे पाहावे आणि पावसाळ्यात किंवा वाफसा नसताना पाणी नाकारण्याचा हक्क लेखी ठेवावा. आसवनीतून टँकरने आणून ओतला जाणारा कच्चा स्पेंट वॉश कोणत्याही अटीवर घेऊ नये. त्यात पालाश भरपूर असतो हे खरे आहे, पण त्याबरोबर क्षार आणि न कुजलेली घाणही जमिनीत जाते, शिवाय असा स्पेंट वॉश उघड्यावर सोडण्यास आसवन्यांना मनाई आहे.

ज्यांचा विहिरीचा अहवाल आला आहे त्यांनी पावसाळ्यानंतर त्याच विहिरीचे पाणी पुन्हा तपासून दोन्ही अहवाल आणि ओढ्याच्या नोंदींची वही घेऊन तालुका कृषी कार्यालयात यावे. रब्बीचा पीक आराखडा त्यावरूनच ठरवू.