आधी तिला पाणी पिऊ द्या

पत्र : आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. मुलगी ३१ वर्षांची. अपघातात मणक्याला इजा झाल्यापासून व्हीलचेअरवर आहे. सीताबर्डीला नोकरी करते. आता म्हणते, वर्धा रोडला मेट्रोजवळ लिफ्टवाला फ्लॅट भाड्याने घेते, पगारी बाई ठेवते आणि वेगळी राहते. आम्ही तिला काही कमी केलं नाही. तीही गुणी आहे; रात्री मला उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणीसुद्धा पीत नाही. परकी बाई तिचं माझ्यासारखं करेल का? लोक काय म्हणतील?
– एक आई

ताई,
बाकीचं पत्र मी एकदा वाचलं. पाण्याचं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. नागपूरचा मे महिना, पारा ४५ला टेकलेला, मध्यरात्रीही कूलर गरम वारा फेकतोय आणि तुमची लेक कोरड्या घशाने झोपतेय. याला गुणीपणा म्हणता? पाणी तोडलं की लघवीचा संसर्ग होतो, मुतखडा होतो. मणक्याला इजा झालेल्यांना हा धोका आधीच जास्त. तिने किती पाणी प्यायचं हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या झोपेवरून ते ठरता कामा नये.

तुमची माया खरी आहे. पण थकलेल्या आईला रात्री दोनदा हाक मारताना जीभ अडखळते. पगार घेणाऱ्या बाईला चारदाही हाक मारता येते. परकी बाई तुमच्यासारखं करणार नाही, आणि तुमच्या मुलीला तेच हवं आहे.

हे काही तिचं खूळ नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं आणि त्यासाठी लागणाऱ्या सेवांत मदतनिसाचाही उल्लेख करतं. ही सेवा घरोघरी पोचलेली नाही याचा मला संताप येतो, कारण प्रत्येकीकडे असा पगार नसतो. तुमच्या मुलीकडे आहे, तर तो तिला यासाठी खर्चू द्या.

लोकांचं म्हणाल, तर त्यांना कामाला लावा. नव्या इमारतीत एका शेजारणीकडे जास्तीची किल्ली, वॉचमनकडे तिचा नंबर, लिफ्ट बंद पडली तर कोण धावून येणार हे आधीच ठरलेलं. ही बोलणी तीच करेल, तुम्ही फक्त सोबत जा.

आणि या रविवारी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून बाईला भेटायला बोलवा. प्रश्न मुलगी विचारेल, पगार तीच ठरवेल, तुम्ही मधे बोलू नका. फ्लॅटचा करार व्हायचा तेव्हा होईल. रात्रीची बाई सोमवारपासून महालातल्या घरीच येऊ द्या.