आई गेल्यावर हसू आलं, म्हणजे विश्वास कच्चा का?

प्रिय ताई,

मी ३६ वर्षांची आहे. श्रीरामपूरजवळ राहते आणि १२ वर्षं आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत शिकवते. मार्चमध्ये माझी आई प्रभूकडे गेली. मे महिन्यात सुट्टीतल्या बायबल शाळेत मुलांचं गाणं चालू असताना मला जोरात हसू फुटलं. मंडळीतल्या एक वयस्क काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आईची माती अजून ओली आहे. येशू रडला असं शास्त्रात आहे, हसला असं कुठं लिहिलंय?” तेव्हापासून हसले की अपराधी वाटतं. रात्री रडू येतं तेव्हा ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन आठवतं आणि वाटतं, आपला विश्वासच कच्चा. त्यात यंदाच्या नाताळच्या नाटिकेत विनोद नको, असं पंचमंडळाने सांगितलंय. गेल्या वर्षी एक मुलगा बोलताना अडखळला, तेव्हा दुसऱ्याने स्टेजवरच त्याची नक्कल केली. लोक हसले, आणि मीही हसले. आता काय करू?

– एक शब्बाथशाळा शिक्षिका

प्रिय भगिनी,

काकूंचा प्रश्न जुना आहे. चौथ्या शतकातले थोर उपदेशक योहान क्रिसोस्तोम यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचनं दिली, त्यांत हाच मुद्दा आहे: प्रभू रडलेला दिसतो, हसलेला दिसत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत आणि दहावी पायरी म्हणजे चटकन हसू न येणं. तेव्हा काकू मनचं काही बोलल्या नाहीत, हे आधी मान्य करा. त्यांनी ते ज्या वेळी आणि ज्या ठिकाणी बोललं ते मात्र चुकलं, आणि त्यांचा मुद्दाही अर्धाच आहे.

‘येशू रडला’ हे योहान ११:३५ मध्ये आहे. पुढचीच ओवी वाचा. प्रभूचा मित्र लाजर वारला होता, आणि तिथे जमलेले लोक ते रडणं पाहून आपसांत बोलू लागले, ‘पाहा, ह्याचं त्याच्यावर किती प्रेम होतं!’ ते रडणं बघणाऱ्यांच्या मनात घर करून राहिलं, म्हणून ते लिहिलं गेलं. लग्नघरात किंवा पंगतीत कोण कधी हसलं, याची नोंद कोण ठेवतं? आणि प्रभू पंगतीतला माणूस होता. काना गावातल्या लग्नात त्याने ६ दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. योहानाने दिलेलं माप आजच्या हिशेबात एका रांजणाला साधारण ७५ ते ११५ लिटर भरतं, म्हणजे एकूण ४५० ते ७०० लिटर! विरोधक त्याला खादाड आणि दारूबाज म्हणत (मत्तय ११:१९). सदा तोंड पाडून बसणाऱ्या माणसाला कुणी असं नाव ठेवत नाही. शिवाय लूक १०:२१ मध्ये तो आत्म्यात उल्लसित झाला असं सरळ लिहिलंय, आणि लूक ६:२१ मध्ये आता रडणाऱ्यांना त्याने कशाचं वचन दिलं? हसण्याचंच. हसणं मुळात हलकं असतं, तर त्याने ते बक्षीस म्हणून कबूल केलं नसतं.

काकू कदाचित ६:२५ दाखवतील, ‘आता हसणाऱ्यांनो, तुम्ही रडाल’. तेव्हा २४वी ओवीही सोबत वाचा. तिथे बोलणं चाललंय ते धनवानांशी आणि तृप्त असलेल्यांशी, दुसऱ्याच्या भुकेची ज्यांना पर्वा नाही त्यांच्याशी. आई गमावलेल्या मुलीला ती ओवी लागू पडत नाही.

साराची गोष्ट तर तुम्ही मुलांना शिकवली असेलच. पण या वेळी फक्त हसण्याचा धागा धरून वाचा. उत्पत्ती १७:१७ मध्ये म्हातारपणी मुलगा होणार हे ऐकून अब्राहाम पालथा पडून हसतो. १८:१२ मध्ये त्याची बायको सारा तेच ऐकून तंबूच्या दाराआड मनातल्या मनात हसते आणि विचारल्यावर भीतीने म्हणते, ‘मी हसले नाही.’ देव एवढंच म्हणतो, ‘नाही, तू हसलीसच.’ शिक्षा करत नाही. मुलाचं नाव त्याने आधीच ठरवलेलं आहे: इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. मूल झाल्यावर, अब्राहाम १०० वर्षांचा आणि ती ९० वर्षांची असताना, सारा म्हणते की देवाने मला हसवलं, आणि जो ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल (२१:६). अविश्वासाचं, लपवलेलं, नाकारलेलं हसू तेच. देवाने त्याचंच नाव बाळाला ठेवलं. तुमचं मे महिन्यातलं हसू याहून वाईट होतं का?

आता रात्रीच्या रडण्याकडे येऊ, कारण पत्रातली खरी ठसठस तिथे आहे असं मला वाटतं.

‘सर्वदा आनंद करा’ हे वचन फिलिप्पैकरांस पत्रातलं आहे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकटं छापलं जातं, आणि तिथेच ते माणसाला टोचायला लागतं. पूर्ण पत्र ४ अध्यायांचं, १०४ ओव्यांचं आहे. पंधरा-वीस मिनिटांत सलग वाचून होतं, तेवढं एकदा वाचा. पौल ते बेड्यांत असताना लिहितो. २:२७ मध्ये तो सांगतो, माझा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात होता, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. ३:१८ मध्ये तो म्हणतो, हे मी रडत सांगतो. आणि मग ४:४ मध्ये येतं ‘आनंद करा’. म्हणजे त्याच पत्रात अश्रूही आहेत आणि आनंदही. हे वचन रडू थांबवण्याची आज्ञा असतं, तर ती पौलानेच मोडली असती.

तुमच्या जागी असलेल्या पुष्कळांची गल्लत इथे होते. हसू आलं म्हणजे आपण आईला विसरलो, असं मन धरून बसतं. पण शोक लाटेसारखा येतो. दोन लाटांच्या मध्ये माणूस जेवतो, कामं करतो, हसतो. त्या मधल्या वेळेत हसणारी माणसं आईवर कमी प्रेम करणारी नसतात. तुम्ही दिवसा हसता आणि रात्री रडता, यातलं खोटं काहीच नाही.

रात्रीसाठी स्तोत्र १३ घ्या. त्यात सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोन मदतीची हाक आहेत, आणि शेवटच्या दोनांत वळण येतं. एका वहीत आपलं स्वतःचं ‘किती वेळ’ दोन ओळींत लिहा, मग स्तोत्र मोठ्याने वाचा. पाचवी ओवी तोंडातून निघत नसेल तर चौथीवर थांबा आणि दिवा मालवा. ओढून-ताणून पुढे जाऊ नका. इथेच बिघडतं, कारण खोटा आनंद म्हणून दाखवायची सवय लागली की खरा आला तरी ओळखू येत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र प्रार्थनेवर टाकून सोडू नका. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर आपण गोळी घेतो तेव्हा विश्वास कमी होत नाही, तसंच हे.

काकूंना उत्तर द्यायचं तर घरी जाऊन द्या, चहाच्या वेळेला, एकटीने. ओव्यांची यादी घेऊन जाऊ नका, ती तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे. एवढंच म्हणा, “काकू, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते मला लागलं. आईची आठवण मला रोज येते. तुम्ही तिला ओळखत होतात, तिच्याबद्दल सांगा ना.” मग गप्प बसा. नीतिसूत्रे २५:२० मध्ये म्हटलंय, खिन्न मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं. कदाचित मुलांचं ते गाणं आणि तुमचं हसू काकूंना तसंच लागलं असेल. त्यांच्याही मनात कुणाची तरी माती ओली असेल.

नाटिकेबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पंचमंडळाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नीतिसूत्रे २६:१८-१९ मध्ये शेजाऱ्याला फसवून ‘मी गंमत केली’ म्हणणाऱ्याला जळते बाण फेकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे. इफिस ५:४ मध्ये पौल टवाळीला ठाम नकार देतो. अडखळणाऱ्या मुलाची नक्कल ही टवाळीच होती. पण टवाळी काढायची म्हणून हसूच काढून टाकलं, तर तेही चूक आहे. तेराव्या शतकात थोमा अक्विनास यांनी लिहून ठेवलंय की जो स्वतः कधी गंमत करत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालतो, तोही दोषी.

म्हणून पहिलं काम त्या मुलाच्या घरी. पंचमंडळाच्या आधी. आई-वडिलांसमोर त्याला सांगा, “तुझी नक्कल झाली तेव्हा मी थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, उलट हसले. माझं चुकलं.” ‘कुणाचा हेतू वाईट नव्हता’ हे वाक्य अजिबात नको. त्याने माफीचं सगळं पाणी होतं. मग विचारा, यंदा काम करायला आवडेल का, आणि कोणतं? तोतरेपणा असलेली बरीच मुलं गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना सहज बोलतात. तेव्हा देवदूतांच्या समूहातली जागा सुचवून बघा. पण त्याला एकट्याचं वाक्य हवं असेल तर तेच द्या. तो थांबला तर बाकीच्यांनी थांबायचं, त्याचा शब्द कुणी पूर्ण करायचा नाही, ही तालीम त्याच्यापेक्षा इतरांना जास्त लागेल. नक्कल करणाऱ्या मुलाशीही वेगळं बोला.

विनोदाचा मजकूर बाहेरून आणायची गरज नाही. मत्तय २ पाहा: मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, यरुशलेमात येऊन विचारतात, ‘नवा राजा कुठे जन्मला?’ हेरोद राजा आणि त्याच्याबरोबर सगळं यरुशलेम हादरतं. शास्त्री अचूक गाव सांगतात, बेथलेहेम. यरुशलेमहून ते जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. आणि त्यांच्यातला एकही उठून तिथे जात नाही! हा प्रसंग नीट बसवला तर लोक हसतीलही आणि थोड्या वेळाने गप्पही होतील. दुसरा प्रसंग मेंढपाळांचा: सगळ्यांनाच बाळ बघायचंय, तर मेंढरांपाशी थांबणार कोण?

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, वेकफील्डच्या मेंढपाळ-नाट्यात, एक चोर मेंढरू पळवून घरच्या पाळण्यात लपवतो आणि ‘बायको बाळंत झाली’ म्हणतो. मेंढपाळ बाळाला भेट द्यायला वाकतात आणि चोरी उघडी पडते. चोरीची शिक्षा कडक असूनही ते त्याला चादरीत घालून उडवतात आणि सोडून देतात. लगेच देवदूत गातो, आणि तेच मेंढपाळ खऱ्या बाळापुढे गुडघे टेकतात. रचना लक्षात घ्या: हसू आधी, मग माफी, मग शांतता. खऱ्या बाळापुढे हसू मागे पडतं.

तुमची नाटिका १२ मिनिटांची धरली तर हशाच्या पाच-सहा जागा पहिल्या ८ मिनिटांत बसवा आणि शेवटची ४ पूर्ण मोकळी ठेवा. संहितेच्या समासात प्रत्येक विनोदापुढे लिहा, ‘हसू कुणाला?’ शरीर, बोलणं, रंग, गरिबी, गावाची बोली, घरची धुणीभांडी करणारी बाई, यांतलं काही आलं तर तो विनोद कापा. राजाचा तोरा, शहाण्यांचा आळस किंवा आपली सगळ्यांची घाई आली तर ठेवा. पाच तालमी पुरतात. तिसऱ्या तालमीला मुलांना स्वतःच्याच विनोदावर हसू येणं बंद होतं आणि ती नवे चाळे जोडू लागतात. गेल्या वर्षीची नक्कल बहुधा अशीच आत शिरली असेल. ‘लिहिलंय तेवढंच’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, आणि शेवटच्या दोन तालमींना आठ-दहा नवे श्रोते बसवा. हशा झाला की पुढच्या पात्राने मनात ‘एक, दोन’ मोजायचं आणि आवाज उतरू लागला की बोलायचं. नाहीतर पुढचं वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. ही समास भरलेली संहिता नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाळक साहेबांच्या हाती द्या. त्यांना नक्की काय कापलंय ते दिसू द्या.

आईविना पहिला नाताळ जड जाणार. नहेम्या ८ मध्ये नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं: जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलं नाही त्यांना वाटे पाठवा. ‘परमेश्वराचा आनंद तुमचं बळ आहे’ हे वाक्य त्या वाट्यांच्या लगेच नंतर येतं. करंज्या करायला बसाल तेव्हा आईच्या हातचं काय बिघडायचं आणि घरात कसा हशा पिकायचा, ते मुलांना सांगा. वाटलं तर तिथेच रडा. आणि एक डबा वेगळा भरा, यंदा ज्या घरातून कुणी गेलंय त्या घरासाठी. चोवीस तारखेला दुपारीच नेऊन द्या. संध्याकाळी चर्चच्या गर्दीत बोलणं होत नाही.

– ताई