रेडिओला आलेल्या मिशा

प्रश्न : वडिलांचा साठच्या दशकातला ट्रान्झिस्टर रेडिओ मुका झालाय. नवे सेल घातले तरी नुसती खरखर. दुरुस्तीवाले म्हणाले, "आत मिशा आल्यात, भंगारात घाला." असं खरंच होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : होतं. तुमचा कारागीर जाणकार आहे, फक्त त्याचा भंगाराचा सल्ला मानू नका.

मागचं झाकण उघडा. चार पायांच्या छोट्या, गोल पत्र्याच्या डब्या दिसतील, तेच ट्रान्झिस्टर. त्यांवर 'एएफ 114' ते 'एएफ 117' यांपैकी आकडा असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यायचा. डबीला आतून कथलाचा मुलामा असतो. त्यात दबून राहिलेल्या ताणामुळे कथलातून आपोआप तंतू फुटतात, केसाहून कितीतरी बारीक. याच त्या मिशा. त्यांना वीज लागत नाही. सेट कपाटात पडून असला तरी ते वाढतात. म्हणून जुन्या साठ्यातला 'कोरा' एएफ 117 विकत घेऊन फार उपयोग नाही, तोही बहुधा आतून मिशाळ झालेला असतो. एखादा तंतू आतल्या तारेला टेकला, की सिग्नल डबीवाटे अर्थला जातो आणि स्टेशन गायब!

कथलात थोडं शिसं मिसळलं की ही वाढ पुष्कळ रोखली जाते. युरोपने जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं शिसं आरोग्यासाठी बंद केलं, ते योग्यच झालं. पण मिशांची काळजी पुन्हा मागे लागली. त्याआधी 1998 मध्ये गॅलेक्सी-4 हा उपग्रह बंद पडून अमेरिकेतले लाखो पेजर गप्प झाले, त्याचं खापरही या मिशांवरच फुटलं.

रेडिओच्या बालपणी मात्र मिशीचाच आधार होता. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून स्टेशन धरायचे. त्या तारेला मांजराची मिशी म्हणत. गॅलेना डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट 1904 मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोसांना मिळालं, हे सांगताना मला आजही भरून येतं.

आता तुमचा सेट. सेल काढा. ट्रान्झिस्टर सुटा करून, जोडणी असली की बीप वाजवणाऱ्या मल्टिमीटरचं एक टोक डबीला, दुसरं एकेका पायाला लावा. शील्डचा, म्हणजे डबीला अर्थशी जोडणारा पाय डबीला जोडलेलाच असतो, तो वाजणारच. बाकी तिघांतला एकच 'वाजला', तर शील्डचा पाय कापून ट्रान्झिस्टर परत बसवा. बहुतेक वेळा सेट बोलतो. दोन वाजले, तर तो बदलावाच लागेल. पाय कापल्यावर डबी शेजारच्या पत्र्याला टेकू देऊ नका.