पॉलिइमाइड कशातच विरघळत नाही, टीजी (ज्या तापमानाला पॉलिमर मऊ पडू लागतो) न घालवता काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पीएमडीए (डायअनहायड्राइड) आणि ओडीए (डायअमीन) हे दोन मोनोमर, म्हणजे साखळीचे मूळ तुकडे, घेऊन पॉलिइमाइड (उष्णता सोसणारा पॉलिमर) केलं, पिवळी पावडर हातात आली, आणि ती एनएमपी, डीएमएसी, क्लोरोफॉर्म कशातच जात नाही, गरम करूनही नाही, तर आता कुठला सॉल्व्हंट वापरू. माझं ऐकाल तर सॉल्व्हंट शोधणं आजच थांबवा. तुम्ही जे केलंय तीच कॅप्टॉनची (बाजारात मिळणारी पॉलिइमाइड फिल्म) केमिस्ट्री आहे, आणि कॅप्टॉन कशात विरघळत नाही म्हणूनच तर विकला जातो. मी स्वतः सुरुवातीला दोन आठवडे अशाच पावडरीच्या बाटल्या हलवत बसलो होतो, प्रत्येक बाटलीच्या तळाला सकाळी तोच पिवळा थर.

कारण असं, की या साखळ्या सपाट आणि ताठ असतात, नव्या कोऱ्या पत्त्यांच्या गड्डीसारख्या एकमेकींवर चपखल बसतात, वर डायअनहायड्राइडचा भाग इलेक्ट्रॉन ओढणारा आणि डायअमीनचा देणारा, त्यामुळे शेजारच्या साखळ्यांमधे चार्ज ट्रान्सफर होऊन पकड अजून घट्ट (तो पिवळा रंग बराचसा त्याचाच). लवचिक साखळी विरघळली की तिला हवं तसं वळायची मोकळीक मिळते, म्हणजे एन्ट्रॉपीचा फायदा. ताठ साखळी बाहेर आली तरी ताठच राहणार, फायदा नगण्य, मग ती कशाला बाहेर येईल?

पण त्याआधी एक विचारतो, तुम्हाला पॉलिइमाइड विरघळायला हवाय का नुसती फिल्म हवीय? फिल्मच हवी असेल तर पॉलिअ‍ॅमिक अ‍ॅसिडच्या (इमाइड होण्याआधीची, विरघळणारी अवस्था) स्टेजलाच काम उरका. डायअमीन कोरड्या डीएमएसीमधे पूर्ण विरघळवा, मग डायअनहायड्राइड घन स्वरूपातच थोडं थोडं टाकत जा, शेवटच्या चिमटीला द्रावण एकदम मधासारखं होतं आणि मॅग्नेटिक स्टररची गोळी अडखळायला लागते, ते दिसलं की समजायचं मोलर प्रमाण बरोबर जमलंय. काचेवर ओता, १००, २००, ३०० अंशावर एकेक तास, झालं. घाई केलीत तर आत तयार होणारं पाणी बुडबुडे करून फिल्मचं वाटोळं करतं. आणि ती बाटली खोलीच्या तापमानाला आठवडाभर ठेवू नका, फ्रीझरमधे ठेवा, नाहीतर साखळ्या तुटून द्रावण पाण्यासारखं पातळ होतं, हे मी एकदा चांगलंच भोगलंय.

आता खरंच विरघळणारा हवा असेल तर मोनोमर बदलावा लागेल. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे साखळीत वाक आणणं, ईथरचे जोड वाढवा किंवा पॅराऐवजी (रिंगवर समोरासमोरचे जोड) मेटा (तिरके जोड) घ्या. केव्हलार आणि नोमेक्स या धाग्यांमधला फरक हाच, केव्हलार पॅरा, म्हणून त्याला कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक अ‍ॅसिडच लागतं (साधारण २० टक्के द्रावण, ८० अंशाच्या आसपास, लिक्विड क्रिस्टल अवस्थेत सूत काढतात), नोमेक्स मेटा, तो डीएमएसीमधे मीठ घालून जातो. पण वाक आणला की टीजी खाली येतो. अल्टेम (बाजारातला पॉलिईथरइमाइड) बघा, ईथर भरपूर, क्लोरोफॉर्ममधे मस्त जातो, वितळवून मोल्डही होतो, पण टीजी २१७ अंश, आणि कॅप्टॉनचा ३६० च्या वर. म्हणजे दीडशे अंश गेलेच की.

म्हणून माझं मत असं, की पाठकणा मऊ करू नका, फक्त साखळ्यांना जवळ येऊ देऊ नका. मधे आडदांड काहीतरी घुसवा, ६एफडीए या डायअनहायड्राइडमधले दोन ट्रायफ्लुओरोमिथाइल, नाहीतर फ्लुओरीनसारखा कार्डो (साखळीला बाजूने लटकलेली रिंग) ग्रुप (इथे फ्लुओरीन म्हणजे रिंगवालं संयुग, मूलद्रव्य नव्हे, माझाही सुरुवातीला गोंधळ व्हायचा). टीएफएमबी हे डायअमीन तर मला फार आवडतं, बायफिनाइलच्या ऑर्थो (जोडाला लागूनच्या) जागी असलेले ग्रुप एकमेकांना धडकतात, दोन रिंग पिळल्या जातात, साखळी सरळ आणि ताठच राहते पण सपाट राहत नाही, गड्डी जमतच नाही. बीपीडीए या डायअनहायड्राइडचा अनसिमेट्रिक आयसोमर पण असाच, विद्राव्यता वाढते आणि टीजी सिमेट्रिकवाल्यापेक्षा वरच जातो. मला पहिल्यांदा हे खरंच वाटलं नव्हतं.

तुम्ही आहात तिथून सर्वात कमी कष्टाचा बदल म्हणजे ओडीए तसाच ठेवा आणि पीएमडीएच्या जागी ६एफडीए घ्या. टीजी ३०० च्या आसपास मिळेल. पॉलिअ‍ॅमिक अ‍ॅसिड झालं की त्याच फ्लास्कमधे अ‍ॅसिटिक अनहायड्राइड आणि ट्रायइथाइलअमीन जास्तीचं टाकून रात्रभर ढवळत ठेवा, पीएमडीएवाल्याचा इथे गोळा होऊन खाली बसतो, हा मात्र शेवटपर्यंत द्रावणातच राहतो. मग मिथेनॉलमधे बारीक धारेने ओता, पांढरे तंतू येतात, चांगले धुवा आणि व्हॅक्यूममधे वाळवा. फिल्म ओतताना दमट हवा टाळा, एनएमपी हवेतलं पाणी पटकन ओढतं आणि काचेसारखी दिसणारी फिल्म डोळ्यादेखत दुधाळ होते.

तोटे पण सांगतो. फ्लोरिनवाले मोनोमर महाग, आणि ओईसीडीच्या २०२१ च्या व्याख्येत ट्रायफ्लुओरोमिथाइल असलेलं जवळपास सगळं पीफास (पर्यावरणात सहज न मोडणारी फ्लोरिनवाली रसायनं) मधे येतं. दुसरं म्हणजे जे सॉल्व्हंटमधे जातं त्यावर उद्या सॉल्व्हंट सांडला तर ते परत जाणारच. त्याला उपाय म्हणजे साखळ्या मुद्दाम आखूड ठेवून टोकाला फिनाइलइथायनाइल लावायचं, आधी विरघळतं, वितळून वाहतं, आणि ३५०–३७० अंशाला क्युअर केलं की जाळं होऊन बसतं. नासाने पीईटीआय-५ हा पॉलिइमाइड असाच केला होता.

एक छोटी टेस्ट आत्ताच्या पावडरीवर करून बघा, ५० मिलिग्रॅम एक मिली एनएमपीमधे, ६० अंशाला रात्रभर. जशीच्या तशी राहिली तर पॅकिंगचा प्रॉब्लेम, वर लिहिलेलं सगळं लागू. पण फुगून जेली झाली तर कुठेतरी क्रॉसलिंक झालंय, मग मोनोमर बदलून उपयोग नाही, आधी इमिडायझेशन (इमाइडची रिंग बंद करण्याची पायरी) किती तापमानाला केलंत ते लिहा इथे.